अंगठा आणि आवाज

संगणक म्हटलं की अजूनही आपल्या डोळ्यांसमोर टेबल, पडदा आणि कीबोर्डच येतो. पण दिवसभरात आपली गाठ पडते ती भलत्याच संगणकांशी. मेट्रोचं कार्ड टेकवलं की उघडणारं फाटक, रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र, तर्री पोह्यांच्या ठेल्यावरचा बोलका डबा... हे सगळे संगणकच. त्यांना कोणी तसं म्हणत नाही, एवढंच.

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत मार्क वायझर नावाचे शास्त्रज्ञ होते. १९९१ साली त्यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधे एक लेख लिहिला. त्याचा गाभा असा, की संगणक रोजच्या वस्तूंमधे इतका मिसळून जावा की तो वापरतोय हे आपल्या लक्षातही येऊ नये. कल्पना सुंदर आहे. पण मला एक प्रश्न पडतो. लक्षात येऊ नये म्हणजे नेमकं कोणाच्या?

आपल्या नागपूरचंच उदाहरण घेऊ. १४ एप्रिल २०१७ ला, बाबासाहेबांच्या जयंतीला, पंतप्रधानांनी इथेच 'भीम-आधार'ची सुरुवात केली. ग्राहकाकडे ना कार्ड हवं, ना फोन. दुकानदाराच्या यंत्रावर अंगठा टेकवा, पैसे चुकते. ज्या अंगठ्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसाला 'अंगठाछाप' ठरवलं, तोच आता त्याची सही आणि पाकीट होणार होता. यापेक्षा सोपं काय असू शकतं?

पण अंगठा म्हणजे काही चावी नव्हे. गवंड्याच्या बोटांवरच्या रेषा सिमेंट खाऊन टाकतं. धुण्याभांड्याने, विड्या वळून, नुसत्या वयानेही त्या झिजतात. मग यंत्र नाही म्हणतं आणि सुरू होतं, "आजी, बोट पुसा. दुसरं लावा. जोरात दाबा." शेवटी निकाल काय, तर "तुमचा अंगठाच येत नाही." हे वाक्य जरा नीट ऐका. ओळखता आलं नाही यंत्राला, आणि दोष लागला आजीच्या बोटाला! तेही रांगेत, चारचौघांत. खेड्यापाड्यांत अंगठा लावून खात्यातले पैसे काढणं आजही चालतं, अनेकांना त्याचा मोठा आधार आहे. म्हणूनच हा 'नाही' जास्त महाग पडतो.

आता तो बोलका डबा बघा. यूपीआय २०१६ साली आलं, पण ठेलेवाल्याचा त्रास वेगळाच होता. एका हातात झारा, दुसऱ्यात प्लेट, समोर गर्दी. पैसे आले की नाही हे फोनवर बघणार कधी? डबा मोठ्याने सांगतो, तेही मराठीत, "तीस रुपये प्राप्त झाले." ना हात लागतो, ना डोळे, ना वाचता यायला लागतं. कोणीतरी ठेल्यामागे उभं राहून विचार केला असावा असं वाटतं. त्याचं महिन्याचं भाडं खटकतं आणि आपला हिशेब सगळ्या गर्दीला ऐकू जातो हे खरं, पण तो कोणाकडे पुरावा मागत बसत नाही.

मला वाटतं, फरक इथेच आहे. डब्याने माणसाचं काम ओळखून स्वतःला बेतलं. अंगठ्याच्या यंत्राने मऊ, स्वच्छ बोट गृहीत धरलं आणि ते ज्यांच्याकडे नाही त्यांना सिद्ध करायला लावलं. वायझर म्हणतात तसं यंत्र अदृश्य झालं, पण फक्त मऊ हातांच्या लोकांसाठी.

म्हणून अशा यंत्रांची परीक्षा कार्यालयात न घेता कॉटन मार्केटच्या हमालांच्या हातांवर व्हावी, आणि तीही यंत्र बाजारात येण्याआधी. दुसरं, अडलं तर पुढचा रस्ता त्याच जागी असावा. माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये. आणि तिसरं अगदी साधं आणि स्वस्त आहे. यंत्राने मराठीत एवढंच म्हणावं, "मला ओळखता आलं नाही."

असो. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारून बघा, कुठलं यंत्र त्यांना ओशाळं करतं ते. यादी मोठी निघेल.