विश्लेषण : दोन डबे ठेवूनही कचऱ्याचा घोळ कुठे होतो?

पुण्यात बहुतेक घरांत कचऱ्याचे दोन डबे आहेत. तरीही दारावर येणाऱ्या कचरावेचक ताईंना ते डबे उलटे करून पुन्हा हाताने निवडावे लागतात. सुक्यात उरलेल्या आमटीसकट पार्सलचा डबा असतो आणि ओल्यात गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी.

बिघडते काय?

'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या कचरावेचकांची कमाई दोन वाटांनी होते. एक घराघरांतून मिळणारे मासिक शुल्क आणि दुसरी सुका माल विकून मिळणारे पैसे. आमटी सांडलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही. म्हणजे आपल्या आळसाचा भुर्दंड त्या भरतात.

उरलेला मिश्र कचरा हवेशिवाय कुजतो तेव्हा मिथेन तयार होतो आणि काळे पाणी झिरपते. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी विहिरी खराब झाल्याची तक्रार वर्षानुवर्षे केली. २०१७च्या एप्रिलमध्ये डेपो पेटला आणि त्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला आपल्या कचऱ्याचा वास आला.

'आम्ही वेगळा करतो, पण गाडीत सगळे एकत्रच जाते', ही तक्रार काही ठिकाणी खरी आहे आणि ती क्षेत्रीय कार्यालयात जरूर करावी. पण त्याआधी आपल्या डब्यात एकदा डोकवावे.

मग करायचे काय?

कंपोस्टची टोपली आणणे चांगलेच, पण तो पुढचा टप्पा. घरच्या कचऱ्यात वजनाने साधारण निम्मा वाटा ओल्याचा असतो आणि त्यात पाणीच बरेच. खरकटे सिंकमधल्या जाळीत निथळू द्या. डब्याच्या तळाशी पिशवीऐवजी वर्तमानपत्र घाला. (रद्दीचा भाव पाहता एखादे पान परवडते.) निथळलेल्या डब्याला वासही कमी येतो आणि रोज पिशवी लागत नाही.

पार्सलचा डबा भांडी घासताना त्याच पाण्यात विसळा. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लटकता ठेवा. तो इवलासा तुकडा वेचायला कोणाला परवडत नाही, तो मातीत किंवा नाल्यात जातो. निर्माल्यातून दोरा आणि प्लॅस्टिक काढले, की उरते ते खतच.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्यावेत. पुडक्यावर लाल ठिपका काढला, तर उघडून पाहावे लागत नाही. ही सवय अनेक घरांत केवळ संकोचामुळे लागलेली नाही. घरातल्या पुरुषांनीच ती पुडकी द्यायला सुरुवात केली, तर हा प्रश्न लवकर सुटेल.

आणि कप फुटला, तर काचा जाड कागदात बांधून ताईंच्या हातात द्या, देताना 'काच आहे' एवढे सांगा. त्यांच्यापैकी अनेकींच्या हातात मोजे नसतात.