आसईला पाहण्यासारखे काय आहे?

पुण्याच्या एका जुन्या स्नेह्याने मागे फोनवर विचारले होते, "अजिंठा-वेरूळ झाल्यावर एक दिवस हाताशी उरतो आहे. तुमच्या जालन्यात पाहण्यासारखे काय आहे?" अशा वेळी कोणताही जालनेकर जे उत्तर देतो तेच मीही दिले. म्हणालो, "तसे काही नाही." बी-बियाणे, लोखंडी सळया आणि मोसंबी यांसाठी गाव प्रसिद्ध आहे, आणि यांपैकी एकही गोष्ट माणूस सहकुटुंब गाडी करून पाहायला येत नाही. 'जालना सोने का पालना' ही म्हण आम्ही अभिमानाने सांगतो खरी, पण तो पाळणा बाजारपेठेतला आहे.

फोन ठेवल्यावर मात्र ते उत्तर मनाला लागून राहिले. जिल्ह्याच्या माहितीपत्रकांतून 'प्रेक्षणीय स्थळे' या मथळ्याखाली जी यादी येते ती मला पाठ आहे. राजूरचा गणपती, अंबडच्या टेकडीवरची मत्स्योदरी देवी, समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब, जालना शहरातले आनंदी स्वामींचे मंदिर, मग मोती तलाव आणि घाणेवाडीचा जलाशय. यादी खोटी नाही. चतुर्थीला राजूरच्या रस्त्याने पायी निघालेली माणसे पाहिली की या जिल्ह्यातला सर्वांत मोठा 'मैदानी उपक्रम' कोणता, हे वेगळे सांगावे लागत नाही. पण ती माणसे देवाला भेटायला जातात, स्थळ पाहायला नव्हे, आणि त्यांना यादीची गरज नसते. यादी ज्याच्यासाठी असते त्या परगावच्या प्रवाशाला आपण काय दाखवतो, हा प्रश्न उरतोच.

माझे म्हणणे असे आहे की जालना जिल्ह्यातले जे खरोखर जगाने पाहावे असे आहे ते जगाने पाहिलेले आहे. त्याचे पुरावे आणि त्याच्या कथा परदेशी गेल्या. आपल्याकडे त्यांची जागा तेवढी राहिली, आणि ती जागा पाहण्याची आपल्याला सवय नाही.

यातले एक उदाहरण भोकरदनचे. केळना नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील लेखांत भोगवर्धनाच्या दात्यांची नावे येतात. प्रतिष्ठानहून, म्हणजे पैठणहून, उत्तरेकडे उज्जैनच्या दिशेने जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचे हे समृद्ध नगर होते. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक खंडित भाग मिळाला. त्याचे साम्य होते ते थेट इटलीतल्या एका मूर्तीशी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, जरी ती लक्ष्मी नसावी असेच बहुतेक अभ्यासक मानतात. भोकरदनच्या तुकड्यामुळे ही मूर्ती सातवाहनांच्या प्रदेशातल्या एखाद्या कारागिराच्या हातची असावी, या मताला बळ मिळाले. वाद मिटलेला नाही, पण शक्यता मोठी आहे. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात लोक त्या वीतभर उंचीच्या बाईपुढे थांबतात. भोकरदनच्या बसस्थानकावर उतरणाऱ्या किती जणांना आपण कोठे उतरलो हे ठाऊक असते? असो.

दुसरे उदाहरण त्याच परिसरात, भोकरदन आणि जाफराबाद यांच्या दरम्यान आहे. गावाचे नाव आसई. इंग्रज त्याला 'असाये' म्हणतात.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी दुपारी केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांचे सैन्य आणि आर्थर वेलस्लीच्या हाताखालचे कंपनीचे सैन्य यांची गाठ पडली. दोनच दिवस आधी वेलस्ली आणि कर्नल स्टिव्हन्सन यांनी बदनापूरला भेटून निरनिराळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेला एकत्र हल्ला करायचा, असे ठरवले होते. पण शत्रू अपेक्षेपेक्षा जवळ असल्याचे कळताच वेलस्लीने स्टिव्हन्सनची वाट पाहिली नाही. समोर नदीपलीकडे मराठ्यांची छावणी पसरलेली, शंभराच्या आसपास तोफा, हॅनोव्हरचा पोलमन हा सेनानी आणि त्याच्या शिस्तीतले कवायती पायदळ. वाटाड्यांनी सांगितले की नदीला उतार नाही. वेलस्लीने पाहिले की पिंपळगाव आणि वरूड अशी दोन गावे दोन काठांवर समोरासमोर आहेत. समोरासमोर गावे आहेत म्हणजे माणसांचे येणेजाणे असणार, म्हणजे उतार असणारच. तो होता, आणि तेथूनच तो पलीकडे गेला.

मला या सगळ्या लढाईत हाच प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चौतीस वर्षांच्या एका परक्या सेनापतीने आमच्या मुलखातली एक साधी गोष्ट वाचली, जी नदीकाठच्या कोणत्याही म्हातारीने त्याला सांगितली असती. पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून जग ज्याला ओळखू लागले त्या वेलिंग्टनने, तुमची सर्वोत्तम कामगिरी कोणती असे विचारले असता, उतारवयात 'असाये' एवढेच उत्तर दिल्याची आठवण नोंदवलेली आहे.

पुढचा तपशील रक्ताचा आहे. पोलमनने आपली फळी झपाट्याने फिरवून दोन नद्यांच्या मध्ये उभी केली, आणि असे करणे शक्य होईल याची इंग्रजांना कल्पना नव्हती. आसई गावाजवळच्या तोफांच्या माऱ्यात सापडलेल्या ७४ व्या पलटणीचा जवळजवळ प्रत्येक अधिकारी मेला किंवा जखमी झाला. कंपनीच्या बाजूचे मृत आणि जखमी मिळून पंधराशेहून अधिक भरले, आणि त्यांत मद्रासकडचे देशी शिपाई मोठ्या संख्येने होते. मराठ्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. इंग्रज फळी अंगावरून पुढे गेल्यावर मेल्याचे सोंग घेतलेले काही जण उठले आणि त्यांनी त्याच तोफा पाठमोऱ्या शत्रूवर वळवल्या. 'गोलंदाज' हा शब्द आज आपण फक्त क्रिकेटच्या समालोचनात ऐकतो. मूळचे गोलंदाज या शेतांत पडले.

हरलेल्यांची नावे फारशी उरली नाहीत. जिंकणाऱ्यांनी मात्र सारे जपले. कंपनीने त्या दिवशी लढलेल्या पलटणींना खास निशाणे दिली, त्यांच्या चिन्हांवर हत्ती आणि 'असाये' ही अक्षरे आली. आपल्या आजच्या मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हातला हत्ती हा याच गावाचा हत्ती आहे. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराने १९९८ साली या लढाईवर आख्खी कादंबरी लिहिली, आणि ती वाचून आसई शोधत येणारा प्रवासी भेटू शकतो.

त्या स्नेह्याला मी दुसऱ्या दिवशी उलट फोन करून आसईला घेऊन गेलो. सप्टेंबर संपत आला होता. कपाशी, मका, मध्येच सोयाबीन, नदीला गुडघाभर गढूळ पाणी. आम्ही काठावर उभे राहून नकाशा उलटासुलटा करीत होतो तेव्हा एका शेतकऱ्याने विचारले, "काय पाहता, पाहुणे?" लढाई कोठे झाली असे विचारल्यावर त्यांनी हाताने सबंध शिवार दाखवले आणि ते कामाला लागले. स्नेह्याची अकरा-बारा वर्षांची मुलगी सोबत होती. तिने बापाला विचारले, "बाबा, आपण कुठल्या बाजूला होतो?"

या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही, आणि आसई आपल्या यादीत नाही याचे कारण मला त्यातच सापडते. मराठी माणूस पराभवाची स्थळे विसरतो असे म्हणणे बरोबर नाही. पानिपत आपण विसरलो नाही, उलट ते आपल्या भाषेत मुरले. 'पानिपत झाले' असे आपण परीक्षेच्या निकालाबद्दलही म्हणतो. विश्वास पाटलांची कादंबरी अजून घरोघरी वाचली जाते. पण पानिपतात शोक करायला सोय आहे. शत्रू बाहेरचा होता, आणि मेलेले आपले होते. आसईत ही सोय नाही. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून इंग्रजांचा आश्रय घेतला होता, आणि आसईच्या दिवशी पेशव्यांचे घोडदळ वेलस्लीच्या बाजूला होते. यशवंतराव होळकर या युद्धापासून दूर राहिले होते. शिंदे आणि भोसले रणातून निघून गेले आणि पायदळ व तोफखाना मागे राहिला. तेव्हा 'आपण' दोन्ही बाजूंना होतो, आणि काही आपण कोठेच नव्हतो. ज्या ठिकाणी ना अभिमान बाळगता येतो ना नीट रडता येते, तेथे पुतळा कोणाचा उभारणार? आणि पुतळा नाही, देऊळ नाही, किल्ला नाही, म्हणजे पाहण्यासारखे काही नाही, हे आपले गणित.

यावर कोणी म्हणेल, मग शासनाकडे मागणी करा, सुशोभीकरण होईल. मला नेमकी त्याचीच धास्ती आहे. कारंजे, रंगीत दिवे, सिमेंटचा हत्ती आणि स्वतःचे छायाचित्र काढण्याची चौकट असे काही आसईला झाले तर आहे तेही जाईल. ही शेते लोकांच्या पोटाची आहेत. १९७२ चा आणि २०१२-१३ चा दुष्काळ पाहिलेल्या जिल्ह्यात काळी जमीन बागेसाठी अडकवणे हा वेडेपणा ठरेल. मागायचेच तर थोडे मागावे. पिंपळगावच्या उतारापाशी आणि आसईच्या वेशीत मराठीत नीट लिहिलेला, दोन्ही फळ्या दाखवणारा एकेक नकाशा. गावातल्या चार मुलामुलींना ती लढाई तारीख-वार सांगता येईल एवढे शिक्षण, आणि पाहुण्याकडून त्याबद्दल रास्त मोबदला. जिल्ह्यातल्या शाळांची एक तरी सहल इकडे यावी. नदीच्या उतारावर उभे करून मुलांना विचारावे की समोरच्या काठावर गाव दिसते आहे, यावरून तुम्हाला काय कळते? इतिहास आणि भूगोल हे दोन तास एकत्र घ्यायला याहून चांगला वर्ग मला ठाऊक नाही.

प्रवासाच्या सोयीची सबब आता फारशी उरलेली नाही. समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जातो, २०२३ च्या अखेरीस जालना ते मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली. अजिंठ्याला जाणाऱ्यांना तर हा फाटा मुळीच अवघड नाही. योगायोग असा की आसईच्या जखमी गोऱ्यांना उपचारासाठी अजिंठा गावीच नेले होते. लेणी तेव्हा जवळच दरीत होती. ती पाहणारा कॅप्टन स्मिथ यायला अजून सोळा वर्षे होती.

जायचे असल्यास सप्टेंबर-अखेरीला जावे. लढाईचे दिवस तेच आहेत आणि केळनेला पाणी असते, त्यामुळे उताराचे महत्त्व पायांना कळते. पाऊस नुकताच होऊन गेला असेल तर काळी माती चपलेला धरते, म्हणून साधे पण घट्ट बूट हवेत. उभ्या पिकातून चालू नये, बांधाने जावे आणि शेतात कोणी असेल तर आधी विचारावे. नकाशा घरूनच न्यावा. सकाळी भोकरदनला उतरून केळनेच्या काठची कोरीव लेणी पाहावीत, मग पिंपळगावचा उतार आणि तेथून आसई गाव, या क्रमाने चालावे.