मंडपवाल्याची वही आणि संगणकाचे तक्ते

एप्रिल उजाडला की आपल्या वस्तीतल्या मंडपवाल्याला दोन घास सुखाने खायला सवड नसते. १४ एप्रिलची जयंती, तिला लागून लग्नसराई, पुढे वैशाखी पौर्णिमा. खुर्च्या त्याच, पातेली तीच आणि मागणारे दहा. अशा धांदलीत त्याच शंभर खुर्च्या दोघांना कबूल केल्या जातात आणि ऐन जयंतीच्या दिवशी समितीचे कार्यकर्ते दुकानापुढे येऊन उभे राहतात. लोक त्याला लबाड म्हणतात. आमच्या मते दोष बहुधा वहीचा असतो.

वहीत नोंद होते ती मागणी ज्या दिवशी आली त्या क्रमाने. फेब्रुवारीत कोणी बयाणा दिला तर नोंद फेब्रुवारीच्या पानावर. प्रश्न मात्र येतो कार्यक्रमाच्या तारखेचा: चौदा तारखेला किती खुर्च्या शिल्लक? त्यासाठी दोन महिन्यांची पाने चाळावी लागतात. फोन कानाला लावून पाने कोण चाळणार? अंदाजाने ‘हो, मिळतील’ म्हणून मोकळे होतात.

आता पुष्कळांनी दुकानात संगणक घेतला आहे. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु बहुतेक ठिकाणी आम्ही असे पाहतो, की वहीचेच पान पडद्यावर उतरवलेले असते. एकच लांबलचक तक्ता, त्यात नाव, पत्ता, फोन, खुर्च्या, गालिचे, पातेली, बयाणा, बाकी. कूलर भाड्याने देऊ लागले की नवा रकाना वाढवायचा. एकाच गिऱ्हाईकाचा पत्ता सात ठिकाणी, त्यातल्या तीन ठिकाणी जुना. याला डेटाबेस म्हणता येणार नाही.

रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड या गणित शिकलेल्या इंग्रज माणसाने आय.बी.एम. कंपनीत काम करताना १९७० साली मांडली. रिलेशन हा शब्द त्यांनी गणितातून घेतला. त्याचा अर्थ ढोबळमानाने तक्ता असाच आहे. आज बँकेचे खाते असो की रेल्वेचे आरक्षण, त्यामागे बहुतेक हीच पद्धत असते. तिचा गाभा घरात समजावून सांगता येण्यासारखा आहे. प्रत्येक प्रकारच्या गोष्टीला स्वतंत्र तक्ता, तक्त्यातील प्रत्येक ओळीला स्वतःचा क्रमांक, आणि एक माहिती एकाच जागी. दुसरीकडे तिची गरज पडली तर तिथे फक्त क्रमांक लिहायचा.

मंडपवाल्यासाठी आम्ही पाच तक्ते सुचवू. पहिला गिऱ्हाईकांचा, दुसरा सामानाचा (खुर्ची एकूण ३००, मोठे पातेले १२, याप्रमाणे), तिसरा मागण्यांचा, चौथा मागणीतल्या सामानाचा आणि पाचवा जमा रकमांचा.

यातला चौथा तक्ता लोकांच्या लवकर ध्यानात येत नाही, आणि सगळी खुबी त्याच्यातच आहे. एका मागणीत अनेक प्रकारचे सामान असते आणि एकाच प्रकारचे सामान अनेक मागण्यांत जाते. हे एका ओळीत मावत नाही. म्हणून मधे एक तक्ता घालायचा. मागणी क्रमांक २१२, सामान खुर्ची, नग १५०. पुन्हा मागणी क्रमांक २१२, सामान मोठे पातेले, नग ४. उद्या कूलर आले तर सामानाच्या तक्त्यात एक ओळ वाढेल, रकाना एकही वाढणार नाही. याच ओळीत त्या दिवशी ठरलेला दर लिहावा. वाचक म्हणतील, दर तर सामानाच्या तक्त्यात आहेच, मग एक माहिती दोन जागी कशी? तर सामानाच्या तक्त्यातला दर आजचा आहे, ओळीतला दर त्या गिऱ्हाईकाला कबूल केलेला आहे. पुढच्या वर्षी खुर्चीचे भाडे वाढले म्हणून मागच्या वर्षीचे बिल वाढता कामा नये.

मागणीच्या तक्त्यात माल जाण्याची आणि परतीची अशा दोन तारखा हव्यात. मग कोणत्याही दिवसाचा हिशेब निघतो. त्या दिवशी किंवा आधी गेलेला आणि त्या दिवशी किंवा नंतर परतणारा जेवढा माल, तेवढा बाहेर. समजा ३०० खुर्च्या आहेत. एक मागणी १५० ची, १३ ला जाऊन १५ ला परतणार. दुसरी १०० ची, १४ लाच जाऊन १४ लाच परतणार. तिसऱ्या समितीचा १२० साठी फोन आला तर संगणक ताबडतोब सांगेल, १४ तारखेला ५० शिल्लक, ७० कमी. मग शेजारच्या गावच्या मंडपवाल्याकडून ७० खुर्च्या आधीच ठरवता येतात.

गिऱ्हाईकाची ओळख नावावरून ठेवू नका. आपल्या वस्तीत सिद्धार्थ किती आणि गौतम किती हे आम्ही वाचकांना सांगायला नको, आडनावेही जुळतात. फोनचा नंबर बदलतो. आधार क्रमांकाचा हा उपयोगच नव्हे आणि खुर्च्या भाड्याने देण्यासाठी तो साठवून ठेवण्याची जोखीम घेऊ नये. आपलाच साधा क्रमांक द्या: १, २, ३. आणि जयंती उत्सव समितीच्या बाबतीत गिऱ्हाईक कोण हे नीट ठरवा. अध्यक्ष दरवर्षी बदलतात. माजी अध्यक्षांच्या नावावर उधारी लिहिली की नवे म्हणतात, ते आमच्या काळातले नाही. जुने म्हणतात, समितीकडे मागा. म्हणून गिऱ्हाईक समिती असावी आणि त्या वर्षी बोलणी करायला कोण आले होते ते मागणीच्या ओळीत लिहावे. यावरून झालेली कटुता आम्ही भाऊकीपर्यंत पोचलेली पाहिली आहे.

‘बाकी’ हा रकाना मात्र कुठेच ठेवू नका. बिल ओळींवरून निघते, जमा पाचव्या तक्त्यात तारखेनिशी आहे, वजाबाकी संगणक करील. हाताने लिहिलेली बाकी एखाद दिवस बदलायची राहते आणि मग दोन आकडे भांडत बसतात.

हा विषय आम्ही कुटुंबाच्या पानावर मुद्दाम घेतला आहे. कर्ता पुरुष अचानक जातो तेव्हा त्याच्या धंद्याची निम्मी वही त्याच्या डोक्यात असते. ‘रा. कडून ४ येणे’ असे लिहिलेले, रा. म्हणजे कोण, चार म्हणजे चारशे की चार हजार? पुण्यानुमोदन झाल्यावर त्याची पत्नी पैसे मागायला जाते आणि समोरचा म्हणतो, वहिनी, मी तर दादांना केव्हाच दिले. तिच्या हातात तारीख नसते, पावती नसते. घरात तीनशे खुर्च्या असून ती बाई दुसऱ्याच्या दारी कामाला जाते.

म्हणून तक्ते ठरवताना घरातल्या बाईला शेजारी बसवा. आलेली भांडी धुऊन मोजते ती. कोणाच्या घरून झाकणे हमखास कमी येतात, कोणती परात चेपून आली, हे तिला पाठ असते. चौथ्या तक्त्यात ‘परत आलेले नग’ आणि ‘नुकसान’ हे दोन रकाने हवेतच, आणि आमचा अनुभव असा, की पुरुष एकटे बसले तर हे रकाने विसरतात.

आणखी एक. तयार मिळणाऱ्या काही नमुन्यांत गिऱ्हाईकाच्या माहितीत जातीचाही रकाना असतो. तो काढून टाका. १९१७ साली लंडनहून परतल्यानंतर आणि सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्यापूर्वी बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. ज्ञानात उणीव नव्हती. जात कळताच गिऱ्हाईक तुटले आणि तो बंद करावा लागला. खुर्ची मोजायला जे लागत नाही ते आपल्या तक्त्यात नको.

साधनांचा खर्च फार नाही. लिबरऑफिस बेस फुकट मिळते. सन २००० पासून असलेले एस्क्यूलाइटही फुकट आहे आणि असल्या दुकानाला आयुष्यभर पुरेल. मात्र आधी संगणक बंद ठेवून कागदावर पाच चौकोन काढा आणि मागच्या जयंतीच्या दहा खऱ्या मागण्या त्यांत भरून पाहा. जी नोंद कुठेच बसत नाही ती रचनेतली चूक दाखवते. पुढचे काम वस्तीतला संगणक शिकलेला मुलगा किंवा मुलगी करील. त्यांना पैसे द्या. ‘आपलाच पोरगा आहे’ म्हणून फुकट काम करून घेतले की ते अर्धवट राहते, आणि मुलाच्या शिक्षणाची किंमत आपणच शून्य लावल्यासारखे होते.

सुरुवात पावसाळ्यात करावी, धंदा मंद असतो. पहिला हंगाम वही आणि संगणक दोन्ही चालू द्या. दर रविवारी दोन्हींची शिल्लक ताडून पाहा. रोज रात्री एक नक्कल पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह दुकानात न ठेवता घरी न्या. महिन्यातून एकदा ती नक्कल दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडते का, हेही पाहा. हे काम घरातल्या ज्या व्यक्तीकडे द्याल, तिला पासवर्डही माहीत असू द्या.