प्रतिरोधी जंतूंवर नजर नंदुरबारमधूनच हवी

फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात सापडला. कोंबड्या पटापट मरत होत्या, म्हणून तो लक्षात आला. लाखो पक्षी नष्ट करावे लागले. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू मात्र धडधाकट माणसाच्या आणि कोंबडीच्या आतड्यात बिनबोभाट राहतात. ई-कोलाय हा तिथला नेहमीचा रहिवासी. औषध निकामी करणारी जनुके अनेकदा त्याच्यातल्या प्लाझ्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतात आणि हे कडे तो दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. रक्ती आव घडवणाऱ्या शिगेलाला अनेक औषधांचा प्रतिरोध ई-कोलायकडून एका दमात मिळू शकतो, हे जपानी शास्त्रज्ञांनी 1959 च्या सुमारास दाखवून दिले. म्हणून रुग्ण दगावायला लागल्यावर शोध घेणे उशिराचे ठरते. नंदुरबार जिल्ह्यात निरोगी माणसे, कोंबड्या आणि सांडपाणी यांची नियमित तपासणी सुरू व्हायला हवी, तीही गुजरात व मध्य प्रदेशातल्या शेजारी जिल्ह्यांना सोबत घेऊन.

अशा पाहणीने काय साधते, याचा दाखला चीनमध्ये आहे. तिथे मांसासाठी पाळलेल्या जनावरांतील ई-कोलायची नेहमीची तपासणी चालू असताना कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा प्रतिरोध वाढताना दिसला आणि त्यातून एमसीआर-1 हे प्लाझ्मिडवरचे जनुक हाती लागले. 2015 च्या नोव्हेंबरात ते जाहीर झाले. चीनने 2017 मध्ये जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणे थांबवले आणि पुढच्या पाहण्यांत प्रतिरोध घटलेला आढळला. भारतानेही 2019 मध्ये पशुपालनातल्या कोलिस्टिनवर बंदी घातली. पण नवापूरच्या पोल्ट्रीत तिचा परिणाम काय झाला, हे मोजल्याशिवाय कळणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे 2013 पासूनचे प्रतिरोध-पाहणीचे जाळे मुख्यतः मोठ्या रुग्णालयांतल्या रुग्णांच्या नमुन्यांवर उभे आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरचे, ऊसतोडीला गुजरातेत जाऊन परतणारे कुटुंब त्यात क्वचितच येते. ज्या नवापूर स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे, तिथे एकाच राज्याची आकडेवारी अपुरीच पडणार.

कुपोषणाने मुले दगावत असताना प्रयोगशाळेवर खर्च कशाला, हा आक्षेप गंभीर आहे. पण कुपोषित मुलाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला की त्याचा जीव स्वस्त, हाताशी असलेल्या औषधावरच तगतो. ते औषध लागू पडले नाही, तर महागडे इंजेक्शन आणि दूरचे रुग्णालय गरिबाला परवडत नाही. खर्चही अवाढव्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ट्रायसायकल’ पद्धत माणूस, अन्नसाखळी आणि पर्यावरण या तिन्ही ठिकाणी एकाच प्रकारचा प्रतिरोधी ई-कोलाय मोजते. पर्यावरणाच्या नमुन्यात एका ताटलीत साधे पोषकद्रव्य आणि दुसरीत सेफोटॅक्झिम हे प्रतिजैविक मिसळलेले ठेवतात. दोन्हींतल्या वसाहती मोजल्या की प्रतिरोधाचे प्रमाण निघते. नंदुरबारचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे काम उचलू शकते. बर्ड फ्लूने होरपळलेल्या पोल्ट्रीचालकांना बदनामीची भीती वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून निष्कर्ष फार्मच्या नावाने नव्हे, तालुकावार जाहीर व्हावेत. पकडापकडीच्या धाकाने नमुने मिळणार नाहीत. आरोग्य, पशुसंवर्धन आणि पाणीपुरवठा खात्यांनी एकच वेळापत्रक आखावे, दर तिमाहीला निष्कर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचवावेत आणि त्यावरून औषधयादी सुधारावी. त्या यादीत बदल झाला, तरच ही पाहणी रुग्णाच्या कामी आली असे म्हणता येईल.