पदक मागण्याचा हक्क

रविवारी पॅरिसच्या २०२४ च्या डायमंड लीगमध्ये अविनाश साबळेने तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पूर्ण केली आणि सोमवारी सकाळपासून महाराष्ट्राला पदकाचे डोहाळे लागले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक ८ मिनिटे १०.३८ सेकंदांना मिळाले होते, अविनाशची वेळ त्याहून सरस, म्हणजे यंदा पदक पक्के, असा हिशेब जो तो मांडतो आहे. हा हिशेब चुकीचा आहे. शिवाय तो ज्या हक्काने मांडला जातो आहे, तो हक्क या राज्याने कधी कमावलेलाच नाही. आम्हाला आज बोलायचे आहे ते या दुसऱ्या गोष्टीबद्दल.

शर्यतीच्या दोनच दिवस आधी, शुक्रवारी, विधान भवनाच्या मध्यवर्ती सभागृहात विश्वविजेत्या क्रिकेट संघासाठी राज्याच्या तिजोरीतून ११ कोटी रुपये जाहीर झाले. रोहित शर्मा आणि त्याच्या सहकाऱ्यांचे कर्तृत्व वादातीत आहे. त्यांचा सत्कार व्हायलाच हवा होता. पण या संघाला त्यांच्याच मंडळाने १२५ कोटी दिले आहेत. त्यावर आणखी ११ कोटी कोणाच्या गरजेसाठी? जे ताट आधीच भरले आहे त्यातच पुन्हा वाढायचे आणि रिकाम्या ताटाकडे बघायचेही नाही, ही महाराष्ट्राच्या क्रीडा धोरणाची जुनी खोड आहे. ती मोडत नाही तोवर ऑलिम्पिक पदकाची भाषा सरकारने करू नये.

आता शर्यतीविषयी. अविनाश रविवारी सहावा आला. पहिला आलेला इथिओपियाचा अब्रहाम सिमे आणि दुसरा आलेला केनियाचा आमोस सेरेम या दोघांची वेळ एकच लागली, ८ मिनिटे २.३६ सेकंद. अविनाश त्यांच्यापेक्षा साडेसात सेकंद मागे होता. तो ज्या वेगाने धावत होता त्या वेगाने साडेसात सेकंद म्हणजे पंचेचाळीस मीटरच्या आसपासचे अंतर. यात त्याचा कमीपणा मुळीच नाही. दहाव्यांदा त्याने राष्ट्रीय विक्रम मोडला आहे, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतला स्वतःचाच ८ मिनिटे ११.२० सेकंदांचा विक्रम सव्वा सेकंदाहून अधिक फरकाने मागे टाकला आहे. तिशीला टेकलेल्या धावपटूसाठी ही फार मोठी मजल आहे. पण मजल मोठी म्हणून मुक्काम आलाच, असे धरून चालणाऱ्यांनी या शर्यतीची जात ओळखलेली नाही.

डायमंड लीगमध्ये वेग ठरवून देणारे धावपटू असतात. ते पहिले काही फेरे पुढे राहून गती बांधून देतात, बाकीच्यांनी फक्त मागे चिकटून राहायचे. ऑलिम्पिकमध्ये असे कोणी नसते. तिथे साडेसात फेऱ्यांत २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडायचा, तोही एकमेकांच्या कोपरांच्या आणि खिळ्यांच्या बुटांच्या गर्दीत. हा अडथळा हर्डलसारखा धक्का लागला की पडत नाही. तो जागचा हलत नाही, पडतो तो माणूस. आणि पुढचा कधी वेग वाढवील, कधी मुद्दाम मंद करील, हे शेवटच्या फेरीची घंटा वाजेपर्यंत कळत नाही.

हे सारे अविनाशने सोसले आहे. २०२१ मध्ये टोकियोत त्याने प्राथमिक फेरीत ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला आणि तरीही तो अंतिम फेरीत गेला नाही, कारण त्याच्या गटात तो सातवा होता. त्याच दिवशी तिसऱ्या गटात पहिला आलेल्याची वेळ ८ मिनिटे १९ सेकंद होती. अविनाशपेक्षा संथ धावलेला माणूस आत गेला आणि अविनाश बाहेर राहिला. तो संथ धावलेला माणूस होता मोरोक्कोचा सुफियान एल बक्काली. पुढे सुवर्णपदक त्यानेच जिंकले. केव्हा किती धावायचे याची जाण तिथे घड्याळापेक्षा मोठी ठरली. पुढच्या वर्षी युजीनच्या जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत इतकी संथ झाली की विजेत्याची वेळ ८ मिनिटे २५.१३ सेकंद होती. अविनाश त्याआधी महिना-दीड महिना रबातमध्ये ८ मिनिटे १२.४८ सेकंदांत धावून आलेला होता. कागदावर त्याने ती शर्यत हसत जिंकायला हवी होती. प्रत्यक्षात शेवटच्या फेरीत सगळे सुटले आणि तो अकरावा आला. २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तर तो अंतिम फेरीपर्यंतही पोचला नाही.

याच शर्यतीत धावणाऱ्या ललिता बाबरची गोष्ट याहून वेगळी नाही. माण तालुक्यातल्या मोहीची ही मुलगी २०१६ मध्ये रिओला गेली, प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत पोचली. पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठलेली ती पहिली भारतीय महिला. अंतिम फेरीत तिची वेळ ९ मिनिटे २२.७४ सेकंद झाली आणि ती दहावी आली. दहावी. जगात दहावी. आपल्याकडे त्याची नोंद 'पदक हुकले' अशी झाली. तीच नोंद अविनाशच्या नावावर लिहायला लोक आत्तापासून लेखणी सरसावून बसले आहेत.

मग अपेक्षा काय ठेवायची? पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५ ऑगस्टला तीन गट धावतील, प्रत्येक गटातले पहिले पाच अंतिम फेरीत जातील. वेळेवर कोणालाही प्रवेश नाही. म्हणजे टोकियोत वेळ चांगली असून जसा तो बाहेर राहिला, तसे वेळेच्या जोरावर आत जाणेही यंदा नाही. आमच्या मते अविनाश अंतिम फेरी गाठील. पॅरिसपूर्वी एकाही भारतीय पुरुषाने या शर्यतीची ऑलिम्पिक अंतिम फेरी गाठलेली नव्हती, हे लक्षात ठेवावे. पहिल्या आठात आला तर ती भारतीय मैदानी खेळातील मोठी घटना ठरेल. पदकासाठी त्याला स्वतःच्या रविवारच्या विक्रमाहून तीन-चार सेकंद पुढे जावे लागेल किंवा संथ शर्यतीत शेवटच्या चारशे मीटरमध्ये आफ्रिकेच्या पोरांना भिडावे लागेल. बर्मिंगहॅमला तो असा भिडला होता. १९९८ पासून राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीच्या तिन्ही पदकांना केनियाने कोणाला हात लावू दिला नव्हता, तिथे हा आष्टी तालुक्यातला सैनिक अब्राहम किबिवोटच्या मागे फक्त ०.०५ सेकंदाने होता. म्हणजे अशक्य काही नाही. पण शक्यता ही त्याची आहे. तिच्यावर आपण मालकी सांगू नये.

ती सांगू नये, कारण अविनाश घडला त्यात या राज्याच्या क्रीडा खात्याचा वाटा शोधावा लागतो. बीड जिल्ह्यातले मांडवा हे त्याचे गाव. आई-वडील शेतात आणि वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटरवर, रोज पायी किंवा धावत. बारावीनंतर तो लष्करात गेला, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा ठिकाणी चाकरी केली. स्पर्धेसाठी तो पहिल्यांदा धावला २०१५ मध्ये, लष्कराच्या क्रॉस कंट्रीत, वयाच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षी. तोवर हा मुलगा धावपटू म्हणून राज्याच्या नकाशावर नव्हता. तीन वर्षांत त्याने गोपाल सैनीचा ३७ वर्षांचा विक्रम मोडला. तेव्हापासून आजपर्यंत तो विक्रम त्याने एकट्याने एकवीस सेकंदांनी खाली आणला आहे. लष्कराने, अमरीश कुमार या प्रशिक्षकाने आणि नंतर परदेशातल्या सरावाने त्याला घडवले. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतील पदकांनंतर राज्य सरकारने बक्षिसे वाढवली हे खरे, पण तोवर पदक गळ्यात पडलेले होते. पिकल्यावर तोडायला सगळेच येतात.

मांडव्याहून पुण्याला येणारी वाट आष्टी, कडा, नगर, शिरूर करत कोरेगाव भीमावरून जाते. महार रेजिमेंटच्या पहिल्या बोधचिन्हावर ज्या कोरेगावचा स्तंभ होता, तेच हे गाव. १ जानेवारीला लाखो लोक इथे येतात. एरवी पहाटे साडेचारला या रस्त्याने जावे. आम्ही गेलो आहोत. सणसवाडी-शिक्रापूरकडच्या कारखान्यांना निघालेले कंटेनर एकामागून एक धडधडत असतात आणि त्यांच्या दिव्यांच्या उजेडात रस्त्याच्या कडेने पोरे धावत असतात. अंगात भरती अकॅडमीचा टी-शर्ट, पायात तळ झिजलेले बूट. कोणीतरी मोटरसायकलच्या मीटरवर अंतर मोजून डांबरावर फक्कीची रेघ मारलेली असते. पावसाने ती पुसली की पुन्हा मारायची. रेघेपाशी एकजण मोबाइलवर वेळ लावून उभा असतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सेकंद सांगतो. 'सोळाशे किती आले?' एवढाच प्रश्न ही पोरे एकमेकांना विचारतात.

सोळाशे मीटर. पोलीस भरतीला तेवढेच, लष्कराच्या भरतीलाही एक मैल म्हणजे तेवढेच. महाराष्ट्रात सर्वांत जास्त धावली जाणारी शर्यत कोणती असेल, तर ही. मध्यम पल्ल्याची शर्यत. राज्यातल्या प्रत्येक तालुक्यातले हजारो तरुण पोटासाठी ती धावतात, जीव तोडून धावतात, वर्षानुवर्षे धावतात. गेल्या महिन्यात १७ हजारांहून अधिक पदांसाठी पोलीस भरतीची मैदानी चाचणी सुरू झाली, ती भर पावसाळ्यात. चिखलामुळे कित्येक ठिकाणी चाचण्या पुढे ढकलाव्या लागल्या. नोकरीसाठी वर्षभर घाम गाळलेल्या मुला-मुलींना राज्याने चिखलात धावायला लावले, याचा आम्हाला संताप आहे. आणि त्याहून मोठा संताप याचा आहे, की एवढी मोठी धाव दर भरतीला घडते, तिची सरकारी नोंद होते, प्रत्येकाच्या छातीवर क्रमांक असतो, प्रत्येकाची वेळ लिहिली जाते, आणि ती यादी क्रीडा खात्यातला कोणीही मागवून पाहत नाही. सरावाचे नीट बूट नसताना, ओल्या मातीवर सोळाशे मीटर भन्नाट वेळेत धावणारी पोरे त्या यादीत असतात. त्यांना शिपायाची नोकरी मिळते किंवा तीही मिळत नाही. तो आकडा तिथेच संपतो.

केनियात किंवा इथिओपियात धावणारे आकाशातून पडत नाहीत. तिथे गावोगाव शाळांच्या शर्यती होतात आणि त्या पाहायला माणसे उभी असतात. आपल्याकडे तालुका क्रीडा संकुलांच्या योजनेला दोन दशके झाली. किती ठिकाणी कुंपण आहे आणि मैदान नाही, मैदान आहे आणि शिकवणारा नाही, हे ज्या-त्या तालुक्यातल्या पालकांना विचारावे. पुणे जिल्ह्यात बालेवाडीचे क्रीडा संकुल आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धा तिथे झाल्या, २०१३ ची आशियाई मैदानी स्पर्धाही झाली. पण कोरेगाव भीमाच्या किंवा दौंडच्या मुलाने पहाटे सराव करून सकाळी कॉलेजला किंवा कंपनीत पाळीला पोचायचे, तर अख्खे पुणे शहर ओलांडून बालेवाडी गाठणे त्याला कसे जमावे? ११ कोटींत शिरूर आणि दौंडसारख्या किती तालुक्यांत साधा, सपाट, पाणी न साचणारा मातीचा ट्रॅक, दिवे आणि एक पगारी प्रशिक्षक उभा राहिला असता, याचा हिशेब सरकारने एकदा मांडावा.

महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले ते १९५२ मध्ये, हेलसिंकीला, खाशाबा जाधवांचे. ते तिथे पोचले लोकवर्गणीवर आणि त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशांवर. त्याला २०२४ मध्ये ७२ वर्षे झाली. या काळात सरकारे आली, गेली, क्रीडामंत्री आले, गेले, पदकाच्या नावाने सत्कार समारंभ होत राहिले. पॅरिस ऑलिम्पिकपूर्वी दुसरे वैयक्तिक पदक आले नव्हते. आणि आता एका जवानाने परक्या मैदानावर ८ मिनिटे ९.९१ सेकंद धाव घेतली, की लगेच त्याच्यावर ७२ वर्षांचे ओझे टाकायचे? त्याला हलके धावू द्या.

अविनाशची प्राथमिक शर्यत ५ ऑगस्टच्या रात्री आहे. आपल्याकडे तेव्हा झोपायची वेळ झालेली असेल. तो पाचात आला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाने खडे फोडणाऱ्यांची रांग लागेल, हे आम्ही आजच लिहून ठेवतो. त्या रांगेत उभे राहण्याआधी प्रत्येकाने, आणि विधान भवनातल्या प्रत्येकाने आधी, त्याच पहाटे कोरेगाव भीमाच्या पुलापाशी यावे. फक्कीची रेघ तिथे असेल. धावून आलेली पोरे गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत असतील आणि अकॅडमीचा पोरगा शंभर पानी वहीत त्यांची सोळाशेची वेळ लिहीत असेल. ती वही मागून घ्यावी आणि वाचावी.