सूत्र दाखवायला स्क्रिप्ट कशाला?

लातूरच्या क्लासमध्ये सरांना वर्गमूळ दाखवायला खडू पुरायचा. आता तेच सूत्र नांदेडच्या पोराला मोबाईलवर बघायचं तर आधी लायब्ररी उतरवा, मग ती चालेपर्यंत थांबा. मधेच रेंज गेली की उरतात नुसते डॉलर आणि बॅकस्लॅश!

अहो, मॅथएमएल १९९८ पासून आहे. क्रोमने २०१३ मध्ये ते काढून टाकलं, तेव्हा स्क्रिप्ट वापरली, मान्य. पण जानेवारी २०२३ मध्ये क्रोम १०९ सोबत ते परत आलंय. फायरफॉक्स, सफारीत आधीपासून होतंच. लाटेकची सवय असेल तर खुशाल लाटेकमध्ये लिहा, फक्त त्याचं मॅथएमएल सर्व्हरवर एकदाच करून ठेवा. केटेकला तेही जमतं.

आणि सूत्रांचे फोटो चिकटवणाऱ्यांनो, झूम केलं की ते फुटतात हो. शिवाय आल्ट टेक्स्ट नसेल तर स्क्रीन रीडर वाचणार काय?