रणगाडे आणि शर्यतीच्या मोटारी

युरोपातील रसिक मोटारीने प्रवासास निघाला आणि वाटेत शर्यतीच्या मोटारींचे एखादे संग्रहालय लागले, म्हणजे ल मान असो वा ब्रुकलंड्स, तेथे अर्धा दिवस खर्ची घालण्यास तो मागेपुढे पाहत नाही. आपल्याकडे शिरूर-सुप्याच्या मार्गाने शिर्डीस अथवा वेरुळास निघालेल्या कुटुंबाच्या वाटेत तसे काही लागत नाही, लागते ते नगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, रणगाडा संग्रहालय. परंतु ज्याला मोटारीच्या वेगाचे व चिवटपणाचे मूळ शोधावयाचे आहे, त्याची येथेही निराशा होणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

लष्कराच्या चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने फेब्रुवारी 1994 मध्ये हे संग्रहालय स्थापन केले आणि त्याच दलात कारकीर्द घडलेले तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिनचंद्र जोशी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ‘आशियातील एकमेव’ हे बिरुद त्यास सर्रास लावले जाते. इस्रायल आशियातच असून तेथील लात्रुनला रणगाड्यांचे मोठे संग्रहालय आहे, याची दखल घेण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही. संग्रह इतका समृद्ध असता या उसन्या दिमाखाची गरजच काय?

येणारा प्रेक्षक पॅटन रणगाड्याच्या तोफेखाली उभा राहून छायाचित्र काढतो, 1965 सालच्या असल उत्तरच्या रणसंग्रामाचे स्मरण करतो आणि पुढच्या मुक्कामाकडे वळतो. त्या स्मरणाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच, की शौर्याच्या कथेपुढे यंत्राची कथा मुकी राहते. येथील रोल्स-रॉइस चिलखती मोटारच पाहावी. तिचा सांगाडा ‘सिल्व्हर घोस्ट’ या ज्या मोटारीचा, तिने 1907 साली स्कॉटलंड-इंग्लंडच्या रस्त्यांवर 15,000 मैलांची सहनशक्तीची चाचणी पार पाडली होती, आणि त्या दौडीत 629व्या मैलावर हादऱ्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली, तेवढाच काय तो तिचा नाइलाजाचा खोळंबा झाला. सात वर्षांनी महायुद्ध पेटले तेव्हा पोलादी पत्रे व मशीनगन यांचे ओझे वाहण्यास हाच सांगाडा निवडला गेला, हा निव्वळ योगायोग नव्हे.

त्याच 1907 साली ब्रुकलंड्सची धावपट्टी खुली झाली, आणि फ्रान्समधील दिएप येथील ग्रां प्री शर्यतीत वॉल्टर क्रिस्टी नावाचा अमेरिकी गृहस्थ, पुढच्या चाकांना चालना देणारी स्वतः घडवलेली अवाढव्य मोटार घेऊन उतरला व शर्यत अर्ध्यावर सोडून परतला. पुढे त्याने रणगाड्यांकडे मोर्चा वळवला, मोठी चाके आणि लांब हेलकावे झेलणाऱ्या स्प्रिंगा यांची अशी योजना केली की खाचखळग्यांतूनही रणगाडा भरधाव जावा. स्वदेशाच्या लष्कराने त्यास यथातथाच दाद दिली, रशियाने मात्र त्याची यंत्रे विकत घेतली आणि त्या वंशातून विख्यात टी-34 जन्मास आला. शर्यतीत हरलेल्या मोटारवाल्याची ही कमाई रणगाड्यांच्या इतिहासातून वगळता येणार नाही.

सगळेच काही शर्यतीतून आले, असे मात्र नव्हे. येथील ‘माटिल्डा’ या ब्रिटिश रणगाड्याच्या पाठीत शेजारी शेजारी दोन सहा-सिलिंडरी डिझेल इंजिने बसवलेली असत, आणि ती मूळची प्रवासी बसगाड्यांच्या जातीची! एसटीच्या डेपोत आयुष्य घालवलेल्या मेकॅनिकला हे सांगितले, तर तो त्या रणगाड्याभोवती तासभर सहज रेंगाळेल.

या विद्येचे नगरला वावडे असण्याचे कारण नाही. विजापूरच्या बुरुजावरील मुलूखमैदान तोफ 1549 साली याच शहरात ओतली गेली. लष्करी वाहनांचे संशोधन करणारी व्हीआरडीई ही सरकारी संस्था येथेच आहे. आणि 1972 साली बाजारात आलेली, पन्नास सीसीची, पायडल मारून सुरू होणारी ‘लूना’ ही येथील कायनेटिक कारखान्याची करामत. पन्नास सीसीची लूना आणि पन्नास टनांचा रणगाडा एकाच गावाच्या दफ्तरात नोंदलेले असावेत, हे भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला येते; पण या वारशाची एकत्र मांडणी करण्याची तजवीज झाली पाहिजे, असे जिल्ह्यातील कारभाऱ्यांना अद्याप वाटलेले दिसत नाही.

लष्कराला माझी विनंती आहे, की एखाद्या निकामी वाहनाचे इंजिन कापून, आतील दट्टे व गिअर दिसतील अशा रीतीने मांडावे, आणि शेजारी मराठीत त्याची कुळकथा लिहावी. जिल्ह्यातील आयटीआयच्या शिक्षकांनी तोवर थांबू नये. पुढच्या सत्रातील एक दिवस राखून मुलांना येथे आणावे आणि छायाचित्रे काढून झाली, की माटिल्डाच्या मागच्या बाजूला न्यावे.